रस्त्याची कड आणि सायकलस्वार

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे तालुके सायकलीला निसर्गतःच अनुकूल आहेत. पूर्वेकडील डोंगरांचा पायथा सोडला की पेण तालुक्यात भातशेती आणि खाड्यांलगतची खारजमीन पसरलेली आहे. रोहा तालुक्यात कोलाडपासून रोहा शहरापर्यंत कुंडलिकेचे खोरे लाभले आहे. या सपाट पट्ट्यांत बाजारपेठेचे गाव, माध्यमिक शाळा, रेल्वे स्थानक किंवा कारखाना आसपासच्या बऱ्याच गावांपासून सायकलीच्या टप्प्यात येतो. असे असूनही रस्त्यांचा विचार करताना सायकलस्वाराची आठवण क्वचितच ठेवली जाते. मोटारीसाठी रस्ता, पादचाऱ्यासाठी पदपथ, आणि सायकलस्वारासाठी उरलेली कड, अशी वाटणी नकळत होऊन गेली आहे.

ही उपेक्षा सायकली नाहीशा झाल्यामुळे झाली आहे, असे मानता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. शाळेत जाणारी मुले, औद्योगिक वसाहतींतील कामगार, गणपतीच्या कारखान्यांतील कारागीर, दूध, पाव वा मासळी विकणारे अशा अनेकांचे ते वाहन आहे. त्याला इंधन लागत नाही, परवाना लागत नाही, आणि बिघडले तर गावातील दुकानात थोडक्या खर्चात दुरुस्त होते.

शिक्षणाचे वाहन

चार किलोमीटरवरील शाळेत पायी जाण्यास सुमारे एक तास लागतो. सायकलीने तेच अंतर वीस मिनिटांत कापता येते. दिवसाकाठी वाचणारा हा सव्वा तास अभ्यासाचा असतो. मुलींच्या बाबतीत तर शाळा चालू राहणार की सुटणार, हे पुष्कळदा यावरच ठरते.

बिहार राज्याने २००६ मध्ये माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. पुढे तिचा अभ्यास झाला तेव्हा मुलींची माध्यमिक शाळांतील नोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींमधील तफावत बरीच कमी झाल्याचे दिसून आले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांतील गरजू मुलींना शाळेसाठी सायकली देण्यात आल्या. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, आणि अक्षरओळखीबरोबरच हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्यही त्यांना मिळाले.

मात्र सायकल घरी आली म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. मुलीला सायकलीवरून पाठवावे की नाही, याचा निर्णय आईवडील घेतात, आणि तो घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर गावचा रस्ता असतो. वाटेतील एखादा अरुंद पूल, एखादे वळण किंवा महामार्ग ओलांडण्याची एकच जागा एवढ्याने सायकल घरातच उभी राहू शकते.

कडेची परीक्षा

सायकलस्वाराच्या दृष्टीने रस्त्याची खरी परीक्षा त्याच्या कडेला होते. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या पावसात साइडपट्टीची माती वाहून जाते आणि डांबराची कड उघडी पडून तेथे पायरी तयार होते. मोटारीला ती जाणवतही नाही. परंतु मागून ट्रक आल्यावर खाली उतरू पाहणाऱ्या सायकलीचे अरुंद चाक त्याच पायरीवर घसरते. कडेवर साचलेली खडी, रस्त्यावर वाकलेले गवत आणि झुडपे, पाण्याखाली न दिसणारे खड्डे यांमुळे सायकलस्वार नाइलाजाने आत सरकतो. वाहनचालकाला तो आडमुठा वाटतो; प्रत्यक्षात कडेला त्याला जागाच उरलेली नसते.

गटारावरील लोखंडी जाळीचे उदाहरणही बोलके आहे. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसविल्या तर त्यांच्या फटीत सायकलीचे चाक अडकते; त्याच आडव्या बसविल्या तर धोका टळतो. खर्च दोन्ही वेळी सारखाच येतो. काम करताना सायकलस्वार डोळ्यांसमोर होता की नव्हता, एवढाच काय तो फरक.

महामार्गाचा प्रश्न याहून गंभीर आहे. मुंबई-गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या गावांना जोडीत जातो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. रस्ता रुंद झाला की लांबच्या प्रवाशाची सोय होते. पण ज्याचे घर एका बाजूस आणि शाळा दुसऱ्या बाजूस आहे, त्याच्यासाठी तो अधिक रुंद नदीसारखा होतो. त्यासाठी सेवारस्ते आणि ओलांडण्याच्या सुरक्षित जागा यांना मुख्य कामाइतकेच महत्त्व द्यावयास हवे.

वेग आणि जीवित

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार मृत्युमुखी पडले. यामागील शास्त्र सोपे आहे. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या धडकेतील ऊर्जा चौपट होते. म्हणूनच २०२० साली स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेने, जेथे पादचारी व सायकलस्वार मोटारींसोबत वावरतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे आवाहन केले. शाळा, बाजार आणि गावठाण यांजवळील रस्ते याच प्रकारात मोडतात. तेथे केवळ फलक लावून भागत नाही. वेग आपोआप कमी होईल अशी रस्त्याची रचना, प्रमाणित आकाराचे गतिरोधक आणि त्यांवरील ठळक पट्टे हे सारे आवश्यक ठरते. मनमानी उंचीचा गतिरोधक मात्र सायकलस्वारालाच आधी पाडतो.

मोजणी करावी

स्वतंत्र सायकलमार्ग कोठे हवा, याचे मापदंड आपल्याकडे फार पूर्वीच ठरले आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार, तासाला १०० ते २०० मोटारवाहने जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला ४०० सायकली असतील, तर स्वतंत्र मार्ग करावा. मोटारवाहने २०० हून अधिक असतील, तर १०० सायकलीही त्यासाठी पुरेशा मानाव्यात. या शिफारशींची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. खेड्यांतील बहुतेक रस्ते या निकषांपर्यंत पोहोचणार नाहीत. तेथे मंद वेग आणि सुस्थितीतील कड हाच उपाय होय. परंतु पेण व रोहा शहरांत येणारे रस्ते, तसेच रोहा ते धाटाव औद्योगिक वसाहत यांसारखे मार्ग मोजून पाहण्याजोगे आहेत. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी आणि कारखान्याची पाळी बदलताना एका तासाची नोंद घेणे हे शिक्षक व विद्यार्थ्यांना सहज जमणारे काम आहे. असा तक्ता हाती असला की ग्रामसभेच्या मागणीला वजन येते. जेथे भीतीमुळे सायकली रस्त्यावर येतच नाहीत, तेथे घरी उभ्या असलेल्या सायकलीही मोजाव्यात.

जबाबदारी कोणाची?

ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आणि गावठाणातील रस्ते ग्रामपंचायतीकडे असतात. त्यामुळे तक्रार योग्य ठिकाणी जाणे महत्त्वाचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दोन उपयुक्त तरतुदी आल्या. सायकलीसारख्या विनायांत्रिक वाहनांच्या व पादचाऱ्यांच्या वाहतुकीसाठी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनास मिळाला. तसेच रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांत विहित सुरक्षा मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणेस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पंचायतीच्या आवाक्यातील कामेही थोडी नाहीत. पावसाळ्यानंतर साइडपट्टी मुरूम घालून डांबराच्या पातळीत आणावी. भाद्रपदानंतर कडेचे गवत व झुडपे कापावीत. शाळेजवळ, बाजारात व एसटी थांब्याजवळ छपराची सायकल उभी करण्याची जागा करावी. वळणावर व अरुंद मोरीवर दिवा लावावा. रस्त्याला छाया देणारी झाडे लावावीत. कालव्यांच्या काठचे सेवापथ सपाट आणि निर्धोक असतात. जेथे पाटबंधारे खात्याची अनुमती मिळेल, तेथे त्यांचा शाळेच्या वाटेसाठी विचार करता येईल. रेल्वे स्थानकावर सायकल सुरक्षित ठेवता आली, तर दिवा-रोहा मार्गावरील प्रवाशाची घर ते गाडी ही वाट सुलभ होईल.

आता घरोघरी मोटारसायकली आल्या, सायकलीचा एवढा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु चौदा वर्षांच्या मुलाला मोटारसायकल चालविता येत नाही, आणि घरात एकच मोटारसायकल असेल तर ती सहसा कर्त्या पुरुषाबरोबर जाते. राहिलेल्यांनी काय करावे? नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण तेथेही मोटारींच्या भरात सायकल मागे पडली होती. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मरण पावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर पालकांनी चळवळ उभारली, आणि शासनाने हळूहळू रस्त्यांची रचना बदलली. लोकांची सवय रस्त्यामागोमाग बदलत गेली.

पेण-रोह्यातही सुरुवात लहान असू शकते. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावापासून माध्यमिक शाळेपर्यंतचा एक रस्ता निवडावा. सरपंच, मुख्याध्यापक आणि शाखा अभियंता यांनी शाळेच्या वेळी तो सायकलीवरून एकदा पार करावा आणि जेथे उतरावे लागले त्या जागा लिहून ठेवाव्यात. येत्या वर्षाच्या कामांची यादी तेथूनच सुरू करता येईल. आठवीतील मुलगी ज्या रस्त्याने निर्धास्त जाऊ शकते, तो रस्ता गावातील इतर सर्वांसाठीही सुरक्षित असतो.