हाती दोन एक्के, तरीही हार का?

पिंपरी : ऑनलाइन क्रिकेट-खेळात दीड कोटी रुपये जिंकलेल्या पिंपरी-चिंचवडमधील एका पोलिस उपनिरीक्षकास ऑक्टोबर २०२३ मध्ये निलंबित करण्यात आले. अशा खेळांत कौशल्य किती व नशीब किती, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. पोकरपुरते त्याचे उत्तर गणितात सापडते.

पोकरमध्ये प्रत्येकास प्रथम दोन पाने मिळतात. दोन एक्के ही सर्वांत बलवान जोडी; ती सरासरी २२१ डावांत एकदा येते. शेवटपर्यंत एकच प्रतिस्पर्धी असल्यास तिची जिंकण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के असते. चौघे टिकल्यास ती ५६ टक्क्यांवर उतरते. कमी रकमेच्या टेबलावर दुबळी पाने घेऊनही अनेक जण डावात राहतात. म्हणून जाणकार अशी जोडी दडवत नाहीत. आरंभीच रक्कम वाढवून गर्दी पांगवतात.

तरीही हार टळत नाहीच. शिवाय संकेतस्थळ जिंकलेल्या रकमेतून आपला वाटा कापते तो वेगळाच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. शिक्षा खेळणाऱ्यास नव्हे, चालविणाऱ्यास आहे. मात्र चोरट्या संकेतस्थळावर पैसे बुडाल्यास दाद मागायची कोठे, याचे उत्तर दोन एक्क्यांपाशीही नाही.