प्रबंधात शब्द कोणता वापरावा?

पेण व रोहा तालुक्यांतील आपली मुले-मुली आज मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांसाठी प्रकल्प व प्रबंध लिहितात. विषय पुष्कळदा आपल्याच इतिहासाचा असतो. माहिती भरपूर असते, पण शब्द सैल पडला की परीक्षक तिथेच अडवतात. म्हणून काही गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, शब्द त्या काळाचा हवा. ‘१९२७ साली महाडला बौद्ध समाजाने सत्याग्रह केला’ हे वाक्य चुकीचे आहे. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर गेलेल्यांसाठी त्या काळी ‘अस्पृश्य’, ‘बहिष्कृत’ हे शब्द होते. ते अवतरणचिन्हांत द्यावेत. महाडही तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.

दुसरी गोष्ट, शब्द कोणी दिला ते पाहावे. ‘हरिजन’ हा शब्द १९३८ साली मुंबई विधिमंडळातील विधेयकात आला, तेव्हा डॉ. आंबेडकर व त्यांच्या पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला. जुन्या उताऱ्यात तो असल्यास तसाच ठेवावा. स्वतःच्या वाक्यात आणू नये. ‘बौद्ध’ हे धर्माचे नाव आहे, ‘अनुसूचित जाती’ ही कायद्यातील संज्ञा आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राची ती मान्यता १९९० साली मिळाली. त्यामुळे एका शब्दाच्या जागी दुसरा घालू नये.

तिसरी गोष्ट एकसूत्रीपणाची. ‘धम्म, निब्बान, भिक्खू’ ही पाली रूपे घ्यावीत किंवा ‘धर्म, निर्वाण, भिक्षू’ ही संस्कृत रूपे, सरमिसळ नको. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ व १९७२ चे ४ नियम जवळ ठेवावेत. ‘बुद्धी’ दीर्घ, पण ‘बुद्धिवाद’ ऱ्हस्व, हे त्यांतूनच कळते.

मात्र हे नियम घरची बोली हलकी ठरवण्यासाठी नाहीत. आजीची मुलाखत घेतली, तर तिचे शब्द तिच्याच बोलीत द्यावेत. अर्थ तळटीपेत सांगावा. ‘शुद्ध’ करून लिहिले, तर तिची साक्षच पुसली जाते.

लेखन संपल्यावर समाजासाठी वापरलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी व विचारावे : हा शब्द कोणाचा आणि कोणत्या सालचा? उत्तर देता आले, तरच तो ठेवावा.