लंडनमध्यें चार दिवस : बेताच्या खर्चांत

परदेशगमन ही एके काळीं आपल्या समाजांत प्रायश्चित्ताची बाब होती. आज ती हिशेबाची बाब झाली आहे. मुलगा वा मुलगी विलायतेंत शिकत आहे, जन्मभर नोकरी करून थोडी शिल्लक गांठीस पडली आहे, अशा कित्येक मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या मनांत एकदां लंडन पाहून यावें ही इच्छा असते. परंतु एका पौंडास शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात हें ध्यानांत येतांच ती पुढील वर्षावर ढकलली जाते. नाहींतर प्रवासी कंपनीच्या हवालीं होऊन बारा दिवसांत सात देश पाहिले जातात, आणि स्मरणांत मोटारीच्या कांचेबाहेरचें दृश्य तेवढें उरतें. या दोहोंहून निराळा तिसरा मार्ग आहे. एकच राजधानी निवडावी, तेथें चार दिवस राहावें, आणि खर्चाचा आराखडा घरीं बसूनच पक्का करावा. लंडन महाग शहर खरें. पण त्यांत जें उत्तम आहे, त्यांतील पुष्कळसें विनामूल्य आहे.

प्रथम व्हिसाचा विचार. फ्रान्स-जर्मनीकरितां मिळणारा शेंगेन व्हिसा इंग्लंडांत चालत नाहीं; तेथील व्हिसा निराळा काढावा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधींपासून अर्ज करतां येतो, व निर्णयास सामान्यतः तीन आठवडे लागतात. "जातोंच आहों तर पॅरिसही पाहूं" असें म्हणणाऱ्यास दुहेरी फी व दुहेरी दगदग पडते, हें आधींच लक्षांत घ्यावें.

दुसरा विचार ऋतूचा. जूनमध्यें तेथें सूर्य रात्रीं नवानंतर मावळतो, तर डिसेंबरांत दुपारीं चारच्या आधींच अंधार पडूं लागतो. चार दिवसांच्या पाहुण्यास उजेड हेंहि एक धनच आहे. ऐन हिवाळ्यांत खोली स्वस्त मिळाली तरी निम्मा दिवस काळोखांत जातो. जुलै-ऑगस्टांत उजेड भरपूर, परंतु भाव चढलेले. म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर हा मधला काळ बरा.

मुक्काम कोठें करावा, या प्रश्नावर सगळ्या सफरीचा जमाखर्च अवलंबून असतो. वाहतुकीच्या सोयीसाठीं लंडनचे एकांत एक असे वर्तुळाकार विभाग पाडलेले आहेत. अगदीं मध्यभागींच्या पहिल्या विभागांत खोली घेण्यापेक्षां दुसऱ्या अथवा तिसऱ्या विभागांत, भुयारी रेल्वेच्या स्टेशनापासून चालत जातां येईल अशा ठिकाणीं ती घ्यावी. उन्हाळ्याच्या सुटींत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्था आपल्या वसतिगृहांतील खोल्या प्रवाशांस भाड्यानें देतात. त्या साध्या, स्वच्छ व मोक्याच्या ठिकाणीं असतात. मात्र स्वस्ताईच्या लोभानें शहराबाहेर फार दूर जाऊं नये. खोलींत वांचविलेला पैसा गाडीभाड्यांत जातो, आणि संध्याकाळच्या थकव्याची किंमत तर कोणत्याच वहींत लिहिलेली नसते.

हीथ्रो विमानतळावरून शहरांत येण्यास हीथ्रो एक्स्प्रेस ही जलद गाडी आहे. परंतु पिकॅडिली मार्गाची भुयारी रेल्वे त्याहून पुष्कळ कमी भाड्यांत सुमारें तासाभरांत शहराच्या मध्यभागीं पोंचविते. शहरांत हिंडण्यास बस सर्वांत स्वस्त, शिवाय वरच्या मजल्यावरून शहर दिसतें तें वेगळेंच. बसमध्यें २०१४ पासून रोख पैसे घेत नाहींत. बँकेचें स्पर्शानें चालणारें कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड यंत्रास लावावें लागतें. प्रत्येकाचें कार्ड स्वतंत्र हवें. एकदां भाडें भरल्यावर तासाभरांत दुसऱ्या बसमध्यें चढल्यास पुन्हा आकार पडत नाहीं, आणि दिवसभरांत ठराविक मर्यादेपलीकडे कितीहि फिरलें तरी अधिक पैसे कापले जात नाहींत. अकरा वर्षांखालील मुलें वडीलधाऱ्यांबरोबर बस व भुयारी रेल्वेंतून फुकट जातात. आपल्या बँकेचें कार्ड वापरावयाचें असल्यास परकी चलनाबद्दल ती किती आकार घेते, हें निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

आतां गृहिणींच्या आस्थेचा विषय. शाकाहारी मनुष्याची लंडनमध्यें उपासमार होत नाहीं. यूस्टन स्टेशनाजवळील ड्रमंड स्ट्रीटवर हिंदी पद्धतीचीं शाकाहारी उपाहारगृहें आहेत, आणि मोठ्या दुकानांतून शाकाहाराची खूण असलेले तयार पदार्थ मिळतात. तरीहि स्वयंपाकाची सोय असलेली खोली मिळाल्यास एक वेळची खिचडी घरच्या घरीं होते व खर्च बराच उतरतो. भाजणी, मेतकूट, चिवडा खुशाल न्यावा. परंतु साजूक तूप व पेढे घरींच ठेवावे, कारण भारतांतून दुग्धजन्य पदार्थ तेथें नेण्यास बंदी आहे. पाणी विकत घेण्याचें मुळींच कारण नाहीं. नळाचें पाणी निर्धास्त प्यावें.

पाहण्याच्या बाबतींत एकच सूत्र ध्यानांत ठेवावें : एका दिवशीं एकच भाग. पहिल्या दिवशीं वेस्टमिन्स्टर. पार्लमेंटची इमारत पाहून सेंट जेम्सच्या बागेंतून राजवाड्यापर्यंत व तेथून ट्रॅफल्गार चौकांत चालत जावें. तेथील नॅशनल गॅलरींत टर्नर व व्हॅन गॉग यांचीं मूळ चित्रें विनामूल्य पाहतां येतात. वेस्टमिन्स्टर ॲबेस दिवसा तिकीट आहे. पण सायंप्रार्थनेस बसणारास तें लागत नाहीं. मात्र तेथें प्रेक्षक म्हणून नव्हे, तर प्रार्थनेस शोभेल अशा शांततेनें बसावें.

दुसरा दिवस ब्रिटिश म्युझियमचा. १७५३ च्या कायद्यानें स्थापन झालेलें व १७५९ मध्यें उघडलेलें हें संग्रहालय आजहि विनामूल्य आहे. रोझेटा शिला पाहावीच, पण अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पें चुकवूं नयेत. आपल्या देशांतील चुनखडीच्या दगडावरील शिल्पकला इतक्या दूर पाहतांना आनंद व खंत दोन्ही एकदम मनांत येतात. त्या दोहोंस जागा द्यावी. जवळच ब्रिटिश लायब्ररींत १२१५ च्या मॅग्ना कार्टाची प्रत आहे.

तिसऱ्या दिवशीं साउथ केन्सिंग्टन. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत टिपूचा लांकडी वाघ आहे. येथीलच वाघनखें २०२४ मध्यें तीन वर्षांच्या बोलीनें महाराष्ट्रांत आलीं व प्रथम साताऱ्यास मांडलीं गेलीं. तीं अफझलखानावर वापरलेलींच होत असें सिद्ध करतां येत नाहीं, हें संग्रहालय स्वतःच सांगतें. हा प्रामाणिकपणा आपल्या मुलांस आवर्जून दाखविण्यासारखा आहे. हीं संग्रहालयें शुक्रवारीं रात्रीं उशिरांपर्यंत उघडीं असतात, म्हणून चार दिवसांत एक शुक्रवार यावा अशी योजना करावी.

चौथा दिवस महाराष्ट्रीयांनीं स्वतःसाठीं राखावा. मेडा व्हेलमधील १०, हौले प्लेस या घरांत १९१८-१९ मध्यें लोकमान्य टिळक राहत होते. चिरोलवरील खटल्यासाठीं ते विलायतेस गेले होते. भिंतीवरील स्मृतिफलक रस्त्यावरूनच दिसतो. तेथून प्रिमरोज हिलकडे जावें. तेथील १०, किंग हेन्रीज रोड या घरांत १९२१-२२ मध्यें डॉ. आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहत होते. तें घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ मध्यें विकत घेतलें व आतां तें स्मारक आहे. बेताच्या पैशांत लंडनमध्यें कसें राहावें याचा धडा त्या विद्यार्थ्याहून अधिक चांगला कोण देणार? टेकडीवर चढून गेलें कीं सगळें शहर समोर पसरलेलें दिसतें, आणि त्याचें तिकीट नाहीं.

एवढी काटकसर साधल्यावर एक चैन अवश्य करावी. थेम्सकांठीं १९९७ मध्यें पुन्हा उभारलेल्या ग्लोब नाट्यगृहांत उन्हाळ्यांत शेक्सपियरचीं नाटकें होतात, व उभें राहून पाहणारास तिकीट अगदीं थोडक्यांत मिळतें. पाय दुखतात हें खरें. पण चारशें वर्षांपूर्वींचा सामान्य प्रेक्षकहि असाच उभा राहत असे.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना. चार दिवसांचा एकूण आंकडा निघण्यापूर्वीं पतिपत्नींनीं एकत्र बसून ठरवावा, त्यांत थोडी रक्कम अडीअडचणीस बाजूस ठेवावी, आणि मग तेथें चहाच्या प्रत्येक पेल्यास रुपयांनीं गुणीत बसूं नये. जो क्षणोक्षणीं गुणाकार करतो त्याचे पैसे तर जातातच, पण लंडनहि जातें. काटकसर ही घरीं करावयाची गोष्ट आहे. प्रवासांत तिचें फळ निश्चिंत मनानें घ्यावयाचें असतें.