बाळंतिणीचं ताट कोणासाठी?

मराठी घरात बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचा विचार होतो तो बहुतेक दुधाच्या अंगाने. अळिवाची खीर दुधासाठी, शेपूची भाजी दुधासाठी, शतावरी कल्प दुधासाठी. पथ्यंही दुधाच्याच नावाने पाळायची: कोबी, वाटाणा, हरभऱ्याची डाळ खाल्ली तर बाळाचं पोट दुखेल, दही, ताक, केळं खाल्लं तर बाळाला सर्दी होईल. ही काळजी खरी आणि प्रेमाची आहे, पण तिच्यात नुकतीच बाळंत झालेली बाई मागे राहते. माझं म्हणणं असं, की हे ताट आधी तिच्यासाठी वाढायला हवं. तिची झीज भरून निघणं हा त्या आहाराचा पहिला हेतू. तो डोळ्यांसमोर ठेवला, तर पथ्यांची यादी आपोआप आखूड होते आणि ताट मोठं होतं.

दूध कशाने वाढतं, हे शरीरशास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. मूल जितकं ओढतं तितका प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला चेव येतो, आणि स्तन जितके रिकामे होतात तितकी नवी निर्मिती होते. दूध साठून राहिलं तर ती मंदावते. म्हणून दूध कमी पडत असेल तर आधी मूल नीट तोंडात धरतंय का, रात्री पाजलं जातं का, हे बघावं लागतं. दूध वाढवणाऱ्या खाद्यपदार्थांच्या आणि औषधांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० साली घेतला. काही पदार्थांनी थोडा फायदा दिसला, पण ठामपणे सांगावं इतका भक्कम पुरावा हाती आला नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आई अर्धपोटी असली तरी दुधातली प्रथिनं, कॅल्शियम आणि लोह फारसं घटत नाही. कॅल्शियम कमी पडलं तर ते तिच्या हाडांतून घेतलं जातं (मूल अंगावरून तुटल्यावर ते बरंचसं भरून येतं), प्रथिनं कमी पडली तर तिचे स्नायू झिजतात. बाळाचं वजन छान वाढतंय म्हणजे आईचं खाणं ठीक चाललंय, असा अर्थ काढता येत नाही, तो यामुळे.

ही झीज किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे, पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोज ६०० किलोकॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं जादा लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक लाडू. शिवाय पेलाभर दूध किंवा अंडं. त्यात बाळंतपणात रक्त जातं. साधी प्रसूती असली तरी ते अर्ध्या लिटरपर्यंत जाऊ शकतं, सिझेरियनमध्ये आणखी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक जणी मुळातच कमी रक्तावर या टप्प्याला पोचत असणार. अशा बाईपुढे पहिले आठ-दहा दिवस काय येतं? मऊ भात, तूप, मेतकूट, पळीभर मुगाचं वरण, आणि प्यायला मोजून कोमट पाणी. तुपाने उष्मांक मिळतात, पण प्रथिनं थोडी, चोथा जवळजवळ नाही, पाणी अपुरं. परिणामी शौचाला खडा होतो आणि ओल्या टाक्यांवर ताण येतो. डाळीने टाके पिकतात म्हणून डाळ बंद करणाऱ्या घरांत तर जखम भरायला जे हवं तेच काढून घेतलं जातं. टाके पिकतात ते जंतूंमुळे.

आपल्या परंपरेतलं चांगलं मात्र फार चांगलं आहे. डिंकाचा लाडू घ्या. तुपात फुललेला डिंक, खारकेची पूड, सुकं खोबरं, खसखस, बदाम, गूळ. एका हाताने बाळ सांभाळत दुसऱ्या हाताने खाता येतो, आणि दोन घासांत दीडदोनशे किलोकॅलरी पोटात जातात. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अळिवात लोह आहे, पण ते शरीरात मुरायला जीवनसत्त्व क लागतं, तेव्हा जेवणात लिंबाची फोड हवी आणि लगेच वर चहा नको. कुळथाचं कढण, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, खिमा, अंडी ही सगळी कामाची माणसं. कोकणात बाळंतिणीला मोरी हा शार्क मासा खाऊ घालतात, तिथे मात्र मी थांबेन. शार्कच्या जातीच्या मोठ्या माशांत पारा साठतो. त्यापेक्षा तारली, मांदेली, बांगडा बरा.

दुधात काही घटक असेही आहेत जे आईच्या ताटातूनच येतात, आणि पथ्याचा खरा धोका तिथे आहे. जीवनसत्त्व ब-१ हा त्यातला एक. लाओसमध्ये आणि आपल्या काश्मीरमध्ये बाळंतिणींना आठवडेच्या आठवडे पॉलिश केलेल्या तांदळाच्या भातावर ठेवण्याच्या रिवाजातून दोन-चार महिन्यांच्या बाळांना बेरीबेरी झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. धाप लागते, हृदय निकामी होऊ लागतं, आणि वेळेत ब-१ टोचलं तर मूल काही तासांत सुधारतं. आपल्याकडे भाकरी आणि मूग असतात म्हणून हे संकट सहसा त्या रूपात येत नाही. आपला प्रश्न ब-१२चा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जो अभ्यास केला, त्यात ६० टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळलं. शाकाहारी बाईला ते मिळतं दुधादह्यातून, आणि आपण तिचं दही-ताक बंद करतो. आईत ब-१२ची मोठी कमतरता असेल तर केवळ अंगावर पिणारं बाळ मलूल होतं, शिकलेल्या हालचाली विसरतं, कधी त्याला कंप सुटतो.

‘पण उसळ खाल्ली की बाळ रडतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय,’ असं आजी म्हणतील. पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ बाळं संध्याकाळी रडतात. आईने काहीही खाल्लं असो. वाटाण्याचा वायू आईच्या मोठ्या आतड्यात तयार होतो आणि तिथूनच बाहेर पडतो, तो दुधात उतरत नाही. वास मात्र उतरतो. आईने लसूण खाल्ल्यावर बाळं अधिक वेळ अंगावर राहिली, असं मेनेला आणि बोशँप या संशोधकांना १९९१ मध्ये आढळलं. अपवाद आहेत: बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं, अंगावर चट्टे आले, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आईचं दूधदुभतं बंद करावं लागतं. एखाद्या पदार्थाची शंकाच असेल तर तो चार दिवस थांबवून पुन्हा खाऊन पाहावा. एका शंकेवरून दहा भाज्या बंद करू नयेत.

दुसरा आक्षेप आयुर्वेदाच्या नावाने येतो. चरकसंहितेत सूतिकेला, म्हणजे बाळंतिणीला, स्नेह (तूप-तेल) आणि पातळ यवागू (पेज) सांगितली आहे ती पाच-सात दिवसांपुरती. त्यानंतर तिला क्रमाक्रमाने पुष्ट करावं, असं सांगितलं आहे. सुश्रुतांनी तर जव, बोर, कुळीथ घालून शिजवलेला मांसरस सुचवला आहे. सव्वा महिना भाजी-फळ बंद ठेवण्याला या ग्रंथांचा आधार मिळत नाही. तिसरी भीती आजच्या मुलींची: एवढं खाल्लं तर वजन उतरणार कसं? तूप-साखरेचे थर कमी करून उसळी, भाज्या, फळं वाढवली, तर पोट भरतं आणि वजन सावकाश उतरतं. पाजत असताना कडक डाएट करणं मात्र अंगातून उसनं घेण्यासारखं आहे.

मला सर्वांत खटकते ती सव्वा महिन्याची मुदत. लाडूंचा डबा संपतो, माहेरून सासरी पाठवणी होते, आणि बाई पुन्हा सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खायला बसते. अंगावर पाजणं मात्र चालूच असतं. सरकारी आरोग्य केंद्रातून लोह-फॉलिक ॲसिडची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस आणि कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या सहा महिने मिळतात, त्याही याच सुमाराला सुटतात. राज्यातल्या आदिवासी भागांत २०१५ पासून चालू असलेल्या अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण दिलं जातं. शहरातल्या फ्लॅटमध्ये असं ताट कोणी आणून देत नाही. तिथे ते घरातल्यांनीच ठरवायचं: बाळाला कोणी घ्यायचं, गोळ्यांची आठवण कोणी ठेवायची, आणि दुपारी एक वाजता तिला गरम भाकरी, उसळ, भाजी कोणी वाढायची, निदान बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत.