कॅप्टन थकत नाही, लेखक थकतो

वाचनालयातून रहस्यकथा आणून ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांना गुरुनाथ नाईक आणि त्यांचा कॅप्टन दीप आठवत असेल. मूळचे गोव्याचे नाईक २०२१च्या नोव्हेंबरमध्ये निवर्तले. त्यांच्या नावावर बाराशेहून अधिक कादंबऱ्या आहेत. हे लेखन तीस वर्षांवर पसरून धरले, तरी दर नऊ दिवसांना एक कादंबरी होते! समीक्षकांनी या आकड्याचे काय करायचे ते करावे; मला डॉक्टर म्हणून त्यात प्रथम मनगट, मान आणि कणा दिसतो.

नाईकांच्या पाठीशी निदान प्रकाशक होते. पदरमोड करून युद्धकथा छापणारा लेखक दिवसा नोकरी करतो, रात्री लिहितो, मुद्रिते स्वतः तपासतो आणि पुस्तकांचे गठ्ठेही स्वतःच उचलतो. आमच्या सोलापुरात विडी वळणाऱ्या भगिनीची मान किंवा यंत्रमाग कामगाराची कंबर दुखली, तर ते कष्टाचे दुखणे ठरते. लेखनाला मात्र घरात ‘छंद’ म्हणतात. त्यामुळे त्याचे तास कोणी मोजत नाही. माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

अंगठा व त्याशेजारची दोन बोटे रात्री बधिर होत असतील, तर मनगटातील मज्जातंतूवर दाब आला असण्याचा संभव आहे. केवळ मलम चोळून भागणार नाही. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. तासन्‌तास बसल्याने पायांतील रक्तप्रवाह मंदावतो. एकाच पोटरीला सूज व वेदना असेल, तर रक्ताची गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी तपासून घ्यावे. जागरणासाठी लागोपाठ घेतलेला चहा झोप आणखी लांबवतो, हे वेगळे सांगायला नको.

सैनिकाची वैद्यकीय तपासणी ठरल्या वेळी होते. त्याच्यावर लिहिणाऱ्याला मात्र कोणी तपासणीला बोलावत नाही, आणि उच्च रक्तदाब तर बहुधा काहीच त्रास न देता वर्षानुवर्षे वाढत राहतो. म्हणून लेखकाच्या घरच्यांना माझे सांगणे आहे, हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी त्यांचा रक्तदाब मोजून घ्या. चाळिशी उलटली असेल, तर रक्तातील साखरही पाहा. आणि कधी अचानक तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर ‘प्रकरण संपवून उठतो’ हे ऐकून घेऊ नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.