निरोप ही अमानत आहे

२६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच वेळात कुलाब्याला पडला अवघा ७३ मिलिमीटर. शहर एकच, पण गिरगावातल्या माणसाला खिडकीबाहेर नेहमीचा पावसाळा दिसत होता आणि कुर्ला-कलिन्यात तळमजले पाण्याखाली जात होते. लोकल बंद पडल्या. हजारो माणसे स्टेशनांवर, ऑफिसांत आणि अनोळखी लोकांच्या घरांत अडकली. शहराच्या मोठ्या भागात टेलिफोन आणि मोबाइल तासन्‌तास मुके झाले. घरी वाट पाहणाऱ्या आईला मुलगा कुठे आहे हे कळेना आणि रस्त्यात अडकलेल्या बापाला घराची खबर लागेना.

दोन दिवसांनी त्याहून वाईट घडले. जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तीत पाण्याचा लोंढा येत असल्याची अफवा पसरली. घाबरलेले लोक अरुंद गल्ल्यांतून पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत माणसे दगावली. त्यांचा जीव पाण्याने घेतला नव्हता, खोट्या बातमीने घेतला होता.

संकटात अन्न-पाण्याची टंचाई नंतर भासते, आधी टंचाई होते ती खऱ्या बातमीची. ही टंचाई भरून काढण्याचे काम जगभरातली काही हौशी माणसे अनेक वर्षे विनामूल्य करत आली आहेत. त्यांना ‘हॅम’ म्हणतात आणि त्यांच्या छंदाला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ. हा छंद आपल्या घरांतही यावा असे आम्हाला मनापासून वाटते.

हा छंद आहे तरी काय?

आकाशवाणीचा रेडिओ आपण फक्त ऐकतो. हॅम ऐकतोही आणि बोलतोही. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर तो दुसऱ्या हॅमशी संपर्क साधतो. प्रत्येकाला सरकारकडून एक ओळख-संकेत मिळतो, त्याला ‘कॉल साइन’ म्हणतात. जगात तसा दुसरा नसतो. भारतातले संकेत बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांचा संकेत होता ‘व्हीयू टू आरजी’. जॉर्डनचे राजे हुसेन ‘जेवाय वन’ या संकेताने हवेवर येत. ओमानचे सुलतान काबूस यांनाही हा छंद होता. हवेवर आल्यावर राजाही एक हॅम आणि समोरचा शाळकरी मुलगाही एक हॅम! नमाजच्या सफमध्ये जशी खांद्याला खांदा लावून बरोबरी असते, तशीच काहीशी ही बरोबरी.

मोबाइलचा फोन लागतो तो मधल्या यंत्रणेच्या जिवावर. टॉवर हवा, टॉवरला वीज हवी, जमिनीखालची केबल शाबूत हवी, एक्स्चेंज चालू हवे. यातले एक जरी गेले तरी हातातला महागडा फोन म्हणजे नुसता डबा. शिवाय संकटात सगळेच एकदम फोन लावतात, त्यामुळे चालू असलेली यंत्रणाही तुंबते. हॅमला मात्र आपला संच, एक तार किंवा अँटेना आणि मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर काम भागवता येते. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत खाली येतात, म्हणून त्या शेकडो, कधी हजारो किलोमीटर जातात. शहरातल्या शहरात बोलायला हातात मावणारा छोटा संच चालतो. उंच जागी ‘रिपीटर’ बसवला असेल तर त्याचा पल्ला आणखी वाढतो.

दुसरा फरकही महत्त्वाचा आहे. फोनवर एकाचे बोलणे एकालाच ऐकू येते. रेडिओवर एक बोलतो आणि त्या लहरीवरचे सगळे ऐकतात. मदतीची हाक एकाने चुकवली तर दुसरा ती उचलतो.

गिरगाव चौपाटीची आठवण

आपल्या शहराचे आणि रेडिओचे नाते जुने आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर, म्हणजे आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ‘क्विट इंडिया’ ही घोषणा सुचवणारे युसूफ मेहेरअली तेव्हा मुंबईचे महापौर होते. ठरावानंतर लगेच नेत्यांची धरपकड झाली आणि वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. खरे काय चालले आहे ते लोकांना कळेना.

काही आठवड्यांतच गिरगाव चौपाटीजवळच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीतून एक गुप्त केंद्र बोलू लागले. तेच काँग्रेस रेडिओ. त्यामागे होती २२ वर्षांची उषा मेहता आणि तिचे साथीदार. प्रक्षेपणाचे यंत्र बांधून दिले नरिमन प्रिंटर यांनी, ते स्वतः हॅम होते. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हॅम लोकांना यंत्रे जमा करण्याचा हुकूम काढला होता. त्याच हौशी विद्येतून हे केंद्र उभे राहिले. विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरच्या अत्याचारांची दडपलेली बातमी या केंद्राने लोकांपर्यंत पोहोचवली. पोलीस माग काढत होते, म्हणून यंत्र पुन्हा पुन्हा हलवावे लागे. अखेर प्रिंटर पोलिसांच्या हाती सापडले, त्यांच्याकडून ठावठिकाणा फुटला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची सजा झाली.

हे केंद्र ४२.३४ मीटरवर ऐका असे सांगितले जाई. गणित केले तर ती लहर आज हॅम लोकांसाठी राखून ठेवलेल्या ‘४० मीटर’च्या पट्ट्यातच येते.

या कहाणीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. खरी बातमी पोहोचवायला धैर्य लागते, हा पहिला. आणि दुसरा असा की यंत्र कितीही पक्के असले तरी साखळी टिकते ती माणसाच्या भरवशावर.

किल्लारीपासून अंदमानपर्यंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. तेव्हा संपर्काच्या सेवेला हॅम मंडळी धावली. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपातही तसेच घडले.

अंदमानची गोष्ट तर घरातल्या मुलींना मुद्दाम सांगावी अशी आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या महिला हॅम आपल्या साथीदारांसह, रीतसर परवानगी घेऊन, छंदाच्या कामासाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि बेटांचा संपर्क तुटला. त्यांनी छंद बाजूला ठेवला आणि त्याच संचावरून बेटांवरच्या लोकांची खबर मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवायला सुरुवात केली. ‘तुमचा माणूस सुखरूप आहे’ एवढेच शब्द! पण ज्या घरात ते पोहोचले असतील, तिथे त्या रात्री किती सजदे झाले असतील!

शब्द मोजून बोलणे

हॅम नुसते बोलत नाहीत, ते शिस्तीने बोलतात. संकटात एक जण सूत्रधार होतो. त्याने नाव घेतल्याशिवाय दुसरा बोलत नाही. निरोप ठरलेल्या साच्यात जातो: कोण, कुठे, किती माणसे, काय हवे, वेळ काय. घेणारा तो परत वाचून दाखवतो. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होते. ‘म्हणे’, ‘ऐकले’, ‘फॉरवर्ड आले’ याला तिथे थारा नाही. पाहिलेले ते पाहिले म्हणून आणि ऐकलेले ते ऐकले म्हणूनच सांगायचे.

पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आपल्याला नेमकी हीच ताकीद आहे. कोणी बातमी आणली तर आधी पडताळून पाहा, नाहीतर अजाणतेपणी कोणावर तरी अन्याय कराल आणि मागून पस्तावाल. निरोप ही अमानत आहे. त्यात पदरचे घालायचे नाही आणि त्यातले गाळायचे नाही. मोबाइलवर आलेले काहीही डोळे झाकून पुढे ढकलणाऱ्या आपल्या मुलांना ही शिस्त उपदेशाने शिकवणे अवघड जाते. या छंदात ती हाताला वळण पडावे तशी आपोआप लागते.

सुरुवात कशी करावी?

वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते, मग तो मुलगा असो, मुलगी असो की निवृत्त आजोबा. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागामार्फत होते. विजेची मूलतत्त्वे, रेडिओचे तंत्र आणि नियम एवढा अभ्यास असतो. परवान्याचे रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन प्रकार आहेत. जनरलसाठी ‘कट्ट-कड’ची मोर्स लिपीही यावी लागते. मुंबईत हॅम लोकांच्या संस्था आहेत, मुंबई अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ही त्यांतली एक. जाणत्या हॅमजवळ चार संध्याकाळ बसून ऐकले तर निम्मा अभ्यास तिथेच होतो. सुटे भाग आपल्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात आणि जुने रेडिओ उघडून बघायचे असतील तर चोर बाजार आहेच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे गुन्हा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून वॉकीटॉकी मागवू नका. परवाना मिळाल्यावरही या लहरींवर व्यापार, गाणी-करमणूक, पैसे घेऊन निरोप देणे किंवा गुप्त भाषेत बोलणे चालत नाही. सगळे बोलणे सर्वांना ऐकू येईल असे उघड असते. ‘आपल्या पोराच्या हातात वायरलेस दिसला तर लोक काय म्हणतील?’ ही भीती आपल्या वस्त्यांत अनेक आई-बापांच्या मनात असते, हे आम्ही जाणतो. तिचे उत्तर छंद टाळणे हे नव्हे. परीक्षा पास करा, परवाना घ्या, कागदपत्रे जपून ठेवा आणि नावाने, संकेताने उघडपणे बोला. संशयाला उघड सेवेइतके चांगले उत्तर नाही.

मोहल्ल्यासाठी

परळचे केईएम, टाटा ही मोठी इस्पितळे आणि दर पावसाळ्यात तुंबणारा हिंदमाता परिसर हे एकमेकांच्या शेजारी आहेत. उद्या फोन बंद आणि रस्ते पाण्याखाली, अशी वेळ आली तर लालबागच्या चाळीतून, दादरच्या इमारतीतून, आपल्या मोहल्ल्यातून ‘इथे अमुक आजारी आहे, अमुक औषध हवे’ एवढे नीट सांगणारा माणूस असेल का? प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक जमातीत असे दोन जण तयार झाले तरी पुष्कळ. मशिदीच्या अभ्यासिकेत दहावी-बारावीच्या वर्गांसोबत आठवड्यातून एक तास याला द्यायला काय हरकत आहे? आणि ही सेवा करताना दारावरचे नाव पाहायचे नाही, शेजारी तो शेजारी.

परवाना मिळेपर्यंतही काही करता येते. घरातल्यांचे आणि दोन नातेवाइकांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण फोन बंद पडला की त्यातले नंबरही गेले. महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १९१६ हा क्रमांक मुलांना तोंडपाठ करायला लावा. ताटातूट झाली तर कुठे जमायचे हे आजच जेवताना ठरवा. आणि मोबाइलवर आलेली पुढची घाबरवणारी बातमी पुढे पाठवण्याआधी विचारा, हे कोणी स्वतः पाहिले आहे का?

एक जीव वाचवणे म्हणजे जणू सगळी मानवजात वाचवणे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. कधीकधी तो जीव वाचतो एका खऱ्या, नेमक्या, वेळेवर पोहोचलेल्या निरोपाने. तो निरोप पोहोचवण्याची तौफीक अल्लाह आपल्या मुलांना देवो. आमीन.