जैसलमेरला जाताय? मग माळढोक नेमका कसा बघायचा, ते समजून घ्या

जैसलमेरला जाणारे बहुतेक पर्यटक सम गावाजवळच्या वाळूत उंटावर बसतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि परततात. पण त्याच परिसरात 'डेझर्ट नॅशनल पार्क' आहे, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

हे उद्यान नेमकं कुठे आहे?

जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत, पाकिस्तान सीमेकडच्या भागात. क्षेत्रफळ 3,162 चौरस किलोमीटर. वाळूच्या टेकड्या त्याचा जेमतेम पाचवा भाग व्यापतात. बाकी खडकाळ माळ, झुडपं आणि सेवण गवत. हे गवताळ माळच माळढोकचं घर. राजस्थानात त्याला 'गोडावण' म्हणतात आणि तो तिथला राज्यपक्षी आहे.

माळढोक इतका दुर्मीळ का झाला?

देशात आता साधारण 150 माळढोक उरले आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. शिकार झाली, माळ शेतीखाली गेले. आता मोठा धोका विजेच्या तारांचा आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्यामुळे समोरची तार लवकर दिसत नाही. दिसली तरी जड शरीरामुळे पटकन वळता येत नाही. त्यात मादी एका वेळी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

मग पर्यटकांनी काय करायचं?

नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी लागते. सुदासरी भागात माळढोक दिसण्याची शक्यता जास्त असते. सोबत दुर्बीण आणि पाणी हवंच.

गाडी ठरलेल्या रस्त्यावरच ठेवा. ड्रोन नको, आवाजाची रेकॉर्डिंग वाजवणं नको. जवळून फोटो काढायच्या नादात मादी घाबरून उठली, तर अंडं उन्हात उघडं पडतं आणि कोल्हे, घोरपडींच्या तावडीत सापडतं. घरटं दिसलंच तर त्याचं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 मध्ये माळढोकसाठीच अभयारण्य जाहीर झालं. एकेकाळी पक्षीनिरीक्षक खास माळढोक बघायला तिथे जायचे. आज अभयारण्याच्या नावात माळढोक आहे, पण माळावर तो दिसणं जवळपास थांबलंय.

जैसलमेरच्या माळावर ही वेळ अजून आलेली नाही. म्हणूनच तिथे माळढोक दिसला, तर लांबूनच बघा. नाही दिसला, तर त्याच्या मागे गाडी फिरवू नका.